चांदबीबी : खिंडारातली आणि तहातली

शाळेच्या इतिहासात चांदबीबीच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते. त्या अर्ध्या पानात मोगलांचा वेढा असतो, सुरुंगाने उडालेला तट असतो आणि त्या खिंडारात उपसलेली तलवार घेऊन उभी राहिलेली एक बुरखाधारी स्त्री असते. पुढच्या दोन ओळींत तिचा खून होतो आणि धडा मलिक अंबरकडे वळतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ज्या नगरकरांनी १५९६ साली तिला डोक्यावर घेतले त्यांच्यातल्याच काहींनी साडेचार वर्षांनी तिच्या महालात शिरून तिला ठार का मारले, याचा उलगडा या चित्रातून होत नाही. तो करून घ्यायचा तर खिंडाराकडून नजर थोडी बाजूला वळवून तिने केलेल्या आणि करू पाहिलेल्या तहांकडे पाहावे लागते. तलवार हाती धरणारी चांदबीबी आपण मुलांना शिकवतो. राज्याच्या जमाखर्चाचा विचार करणारी चांदबीबी सहसा शिकवीत नाही.

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, हुसेन निजामशहाची ही मुलगी. जन्म सुमारे १५५० चा. आई खुंजा हुमायून ही स्वतः राज्यकारभार पाहिलेली बाई होती. तालिकोटच्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत, १५६५ मध्ये, हुसेन वारला आणि मुलगा मुर्तझा अल्पवयीन असल्यामुळे काही वर्षे सत्तेची सूत्रे तिच्या हाती राहिली. पुढे मुर्तझा वयात आला; आईने आपल्या भावांना मोठमोठ्या जहागिरी दिल्याची तक्रार दरबाऱ्यांनी त्याच्या कानी घातली; आणि मुलाने आईला कैदेत टाकले. हुसेनच्या पराक्रमावर आफताबी नावाच्या कवीने रचलेल्या काव्याची एक सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रांत राजाच्या शेजारी राणी बसलेली होती. नंतर कोणीतरी ती आकृती बहुतेक चित्रांतून खरवडून किंवा रंग फासून पुसून टाकली. सिंहासनाशेजारी बसणाऱ्या स्त्रीचे काय होऊ शकते, याचा धडा चांदबीबीला असा माहेरच्या घरातच मिळाला होता.

तिचे लग्न हा दोन राज्यांमधला करार होता. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचे तर आधी सोलापूरचा तंटा मिटायला हवा होता. हा किल्ला आणि त्याभोवतीचा मुलूख यांपायी अहमदनगर आणि विजापूर यांच्यात कित्येक वर्षे रक्त सांडले होते. हुसेनने चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून गेले. मुलीला वराकडे आणि किल्ल्याला शत्रूकडे एकाच मुहूर्तावर पाठवून दोन खाती एकदम मिटवण्याचा हा व्यवहार होता, आणि १५६५ च्या जानेवारीत तालिकोटला त्याचे फळ मिळाले. सोलापूरचा प्रश्न मात्र मिटला नाही, तो पुढे अनेकदा उफाळला. चांदबीबी फारसी, अरबी, तुर्कीबरोबर मराठी आणि कानडीही बोलत असे, असे परंपरा सांगते. दोन मुलखांची होऊन राहिलेल्या बाईला ते आवश्यकही होते.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याच्या पालनाची व शिक्षणाची जबाबदारी चांदबीबीवर आली. येथपासून तिच्या आयुष्यात एकच प्रसंग वेगवेगळ्या वेषांत पुनःपुन्हा येताना दिसतो. गादीवर मूल, मुलाच्या नावाने कारभार करणारा एक सरदार, तो सरदार मातला की त्याला हटवण्यासाठी दुसरा सरदार, आणि दुसरा पहिल्यापेक्षा वाईट निघाला की तिसरा. कामिलखान उद्धट झाला तेव्हा तिने किश्वरखानाला हाताशी धरून त्याला दूर केले. किश्वरखानाने तर कळस केला. बंकापूरच्या मुस्तफाखान या जुन्या, मातबर सरदाराचा त्याने खून करवला आणि चांदबीबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. विजापूरच्या रस्त्यावर लोकांनी त्याची छीथू केली, फौज उलटली, तो पळाला आणि इखलासखान व इतर हबशी सरदारांनी तिची सुटका केली. त्याच धामधुमीत शेजाऱ्यांच्या फौजा विजापूरच्या तटापाशी येऊन बसल्या. महिनोन् महिने चाललेल्या त्या वेढ्यात मराठा घोडदळाने शत्रूची रसद तोडली आणि तटाच्या आत चांदबीबीने सैनिकांचा धीर टिकवून धरला. वेढा उठला. पण कारभार अखेर दिलावरखान या हबशी सरदाराने बळकावला आणि चांदबीबी मागे सारली गेली. १५८४ च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचे लग्न नगरच्या शाहजाद्याशी झाले, त्या वऱ्हाडाबरोबर ती माहेरी आली.

या सरदारांच्या भांडणांना आपल्याकडे दख्खनी विरुद्ध परदेशी, सुन्नी विरुद्ध शिया अशी नावे देण्याची पद्धत आहे. ती नावे चुकीची नाहीत. पण भांडणाचे मूळ पुष्कळदा जहागिरीत होते. मध्ययुगीन राज्यात सत्ता याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की कोणत्या परगण्याचा वसूल कोणी खायचा आणि त्यावर किती घोडेस्वार पोसायचे, हे ठरवण्याचा अधिकार. ज्याच्या हाती अज्ञान राजाचा शिक्का त्याच्या हाती जहागिरींची वाटणी. राजा सज्ञान आणि खमका असेल तर सरदार त्याच्या दारी येतात. तो लहान असेल तर सरदार त्याच्यासाठी आपापसांत लढतात. राज्यपालक स्त्रीची अडचण याहून मोठी. तिला स्वतःची फौज नाही, स्वतःचा मुलूख नाही. किल्ल्यातली शिबंदी आणि लोकमत हेच तिचे भांडवल, आणि हे भांडवल एका अफवेने बुडण्यासारखे.

नगरला तर सारेच उखडलेले होते. १५८८ ते १५९५ या सात वर्षांत निजामशाहीच्या गादीवर पाच राजे बसले आणि त्यांतले तिघे मारले गेले. मुर्तझाला त्याच्या मुलाने मारले, त्या मुलाला सरदारांनी मारले. आणि १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरशी लढताना पडला. हा इब्राहिम म्हणजे चांदबीबीच्या भावाचा, बुऱ्हाण निजामशहाचा, मुलगा. त्याच्या मागे बहादूर हे तान्हे मूल राहिले. लगेच गादीला चार हक्कदार उभे राहिले. चांदबीबीचा पक्ष बहादूरचा. मियाँ मंजूने बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात डांबून अहमद नावाचा मुलगा पुढे केला. इखलासखानाने बाजारातून एक पोर उचलून त्याला राजवंशी ठरवले. नेहंगखान हबशाने शाह अली या सत्तरीच्या वृद्धाला आणले. एका गादीला तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्व वयांचे उमेदवार मिळाले होते, इतकेच समाधान.

आणि मग मियाँ मंजूने तो अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांपुढे आपला निभाव लागत नाहीसे पाहून त्याने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीला बोलावले. अकबराची दख्खनवर दृष्टी आधीपासूनच होती. १५९१ मध्ये त्याने चारही दरबारांत वकील पाठवले होते आणि त्यांना मनाजोगे उत्तर मिळाले नव्हते. आता निमंत्रणच आले. मोगल येईपर्यंत मियाँ मंजूची घरची लढाई जिंकून झाली होती, तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला. तो आपल्या अहमदला घेऊन विजापूरची मदत मागायला औशाकडे निघून गेला आणि किल्ला अन्सारखान व चांदबीबी यांच्यावर टाकून गेला. चांदबीबीने अन्सारखानाचा काटा काढला, बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली आणि किल्ल्याचा ताबा घेतला. हे कृत्य सौम्य नव्हते. तिच्या चरित्रात ते लपवण्याचेही कारण नाही. त्या काळात आणि त्या जागी किल्लेदारावर भरवसा नसेल तर वेढा सुरू होण्याआधीच तो सुटत असे.

डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम नगरपुढे आले. रयतेला अभय देण्यात आले होते. पण शाहबाजखानाच्या लोकांनी पेठा लुटल्या आणि शहर ओस पडले. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहंमद शिराझी याने रात्री किल्ल्यात येऊन जागा दाखवल्या. आतल्यांनी दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यातली दारू काढण्याचे काम चालू असतानाच तो उडाला, काम करणारे ठार झाले आणि तटाचा सुमारे ५० यार्ड भाग कोसळला. सरदार पळण्याच्या बेतात होते. त्याच वेळी चांदबीबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, हाती तलवार घेऊन खिंडारात आली. दुपारपासून अंधार पडेपर्यंत मोगलांच्या लाटांमागून लाटा आल्या आणि परत गेल्या. खंदक प्रेतांनी भरला. रात्रभर स्वतः उभी राहून तिने हाती लागेल त्या सामानाने तट पुन्हा उचलवला. सकाळी मोगलांनी पाहिले तो खिंडार भरून काही फूट भिंत वर आलेली. त्या दिवसापासून लोक तिला चांदसुलतान म्हणू लागले. या साऱ्या हकिकती लिहून ठेवणारा फिरिश्ता तरुणपणी नगरच्याच चाकरीत होता आणि पुढे विजापुरात, चांदबीबीने वाढवलेल्या इब्राहिमच्या आश्रयाने, त्याने आपला ग्रंथ लिहिला.

शिशाच्या गोळ्या संपल्या तेव्हा तिने तांब्याच्या, मग चांदीच्या, मग सोन्याच्या गोळ्या आणि शेवटी रत्ने तोफेत भरून डागली, अशी आख्यायिका आहे. अर्थशास्त्राच्या मास्तराला ती ऐकताना थोडे हसू येते, कारण सोन्याची खरी किंमत शत्रूवर फेकण्यात नसून शत्रूच्या बाजूचे धान्य विकत घेण्यात असते. पण आख्यायिकेचा गाभा नेमका आहे. त्या किल्ल्याने जवळ होते ते सारे त्या एका वेढ्यात खर्चून टाकले होते.

खरी चांदबीबी येथे पुढे येते. दोन्ही बाजूंची स्थिती तिला दिसत होती. मोगलांच्या छावणीत धान्य आणि वैरण संपत आली होती, मुराद आणि खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि इब्राहिम आदिलशहाने आपल्या काकूच्या हाकेला ओ देऊन सुहेलखानाच्या हाताखाली मोठी फौज रवाना केली होती. गोवळकोंड्याची कुमकही येत होती. पण किल्ल्यातही पुरवठा संपला होता, आणि कुमकेबरोबर मियाँ मंजू परत येणार हेही उघड होते. मोगलांनी तहाचे बोलणे लावले. वऱ्हाड द्या, वेढा उठवतो. थोडी घासाघीस करून १५९६ च्या आरंभी तिने वऱ्हाड दिले.

हा सौदा बरा की वाईट? वऱ्हाड निजामशाहीच्या घरचे नव्हते. इमादशाही बुडवून १५७४ मध्ये ते मिळवलेले, म्हणजे जेमतेम दोन तपांची कमाई. नगरपासून लांब, आणि खानदेशचा राजा अलीखान मोगलांना मिळाल्यानंतर तर शत्रूच्या दारात. जो मुलूख राखण्याचा खर्च दरसाल वाढत जाणार आणि ज्याचा वसूल हाती येईलच याची शाश्वती नाही, तो देऊन राजधानी, राजा आणि घाटमाथ्याचे किल्ले वाचत असतील तर तो द्यावा, हा तिचा विचार. माझ्या मते निजामशाहीच्या अखेरच्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. मात्र त्याची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही. वऱ्हाडात ज्यांच्या जहागिरी होत्या त्यांचे उत्पन्न एका शिक्क्याने गेले, आणि राज्यापुरते शहाणपणाचे ते त्यांच्यापुरते नुकसानच होते. मुलूख दिलेल्या बाईने उद्या किल्लाही दिला तर नवल काय, या संशयाचे बी येथे पडले असावे.

तहानंतर चावंडहून बहादूरला आणून गादीवर बसवले. मियाँ मंजूने पुन्हा कुरकुर सुरू केली, तेव्हा इब्राहिमने त्याला विजापुरास बोलावून चाकरीत घेतले आणि त्याच्या अहमदलाही जहागीर दिली. तंटा जहागिरीने सुरू झाला होता, जहागिरीनेच मिटला. मग जुनाच खेळ पुढे चालू झाला. मुहंमदखान पेशवा झाला आणि सगळी सत्ता गिळू लागला. त्याला आवरायला विजापूरची फौज आली तेव्हा त्याने मोगलांकडे पत्र धाडले. शिबंदीनेच त्याला धरून दिले. मग नेहंगखान पेशवा झाला. त्याने बहादूरला ताब्यात घेण्याचा बेत केला, तेव्हा चांदबीबीने किल्ल्याचे दरवाजे त्याच्या तोंडावर बंद केले; तो बाहेर, ती आत, आणि राज्य दोघांच्या मधोमध. इकडे तहाची शाईही धड वाळली नाही. पाथरी वऱ्हाडात येते की नाही यावरून वाद निघाला आणि मोगलांनी ती घेतली. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ तिन्ही दख्खनी राज्यांची एकत्र फौज खानखानानशी लढली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला, पण मैदान मोगलांचे झाले. १५९९ मध्ये मुराद दारूपायी मेला. त्याने थोडी उसंत मिळाली, एवढेच.

१६०० साली अकबर जातीने बुऱ्हाणपुरास आला आणि शाहजादा दानियाल व खानखानान यांना त्याने नगरवर पाठवले. नेहंगखान घाट अडवायला गेला आणि न लढताच सामानसुमान जाळून जुन्नरकडे निघून गेला. या वेळी बाहेरून येणारी फौज नव्हती. सोनपेठनंतर विजापूर पुन्हा तसा पुढाकार घेण्याच्या स्थितीत नव्हते. चांदबीबीने पुन्हा तोच विचार केला जो चार वर्षांपूर्वी केला होता : काय सोडता येईल आणि काय राखलेच पाहिजे. १५९६ मध्ये सोडण्याजोगे वऱ्हाड होते. आता सोडण्याजोगा राहिला होता तो किल्लाच. शिबंदीचे प्राण, तिचे सामान आणि राजा यांना सुखरूप जाऊ द्यावे, आपण बहादूरला घेऊन जुन्नरला जावे आणि तेथून राज्य चालवावे, अशा अटीवर किल्ला देण्याचे तिने मनाशी ठरवले आणि हमीदखान नावाच्या खोजाचा सल्ला विचारला. हमीदखान तिच्या दालनातून निघाला तो रस्त्यावर ओरडत गेला की चांदबीबी मोगलांना मिळाली. जमाव महालात घुसला. ज्या बाईने चिलखत घालून खिंडार राखले होते ती आपल्याच शिपायांच्या हातून आपल्याच खोलीत मारली गेली. महिना जुलैचा असावा.

एकाच पद्धतीचे दोन हिशेब, पण फळे किती वेगळी. पहिल्या तहाच्या आधी लोकांनी तिला तटावर पाहिले होते. दुसऱ्या वेळी त्यांना फक्त बंद दालनातली मसलत ऐकू आली, तीही दुसऱ्याच्या तोंडून. शिवाय पहिला तह इतरांच्या जहागिरींवर भागला होता. दुसरा किल्ल्यातल्या प्रत्येकाच्या भाकरीवर येणार होता. राज्य जुन्नरला गेले तर नगरच्या शिबंदीचे काय, याचे उत्तर कोणी त्यांना दिले नव्हते. देण्याइतका वेळ तिला मिळाला नाही.

तिच्या मरणाने नगर वाचले नाही. मोगलांनी पुन्हा सुरुंग लावले, तट उडवला आणि ऑगस्टमध्ये हल्ला करून किल्ला घेतला. शिबंदीची कत्तल झाली. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली. किल्ला देऊन जे वाचवायचे होते, म्हणजे राजा आणि माणसे, तेच किल्ल्याबरोबर गेले.

आणि तरीही निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले, काही वर्षांनी राजधानी जुन्नरला नेली, डोंगरांचा आधार घेतला आणि मोगलांना एक पिढीभर झुंजवले. राजधानी सोडून राज्य राखायचे, ही चांदबीबीची योजना त्याने आपल्या हिकमतीने पार पाडली. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनीही पेमगिरीच्या गडावर निजामशाही वंशातले एक मूल गादीवर बसवून त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले. लहान राजा, डोंगरी किल्ला आणि राज्यपालक : तोच आकृतिबंध. शहाजीराजांच्या आणि अंबरच्या मागे स्वतःची घोडेस्वार पथके होती, हा फरक.

पुढच्या काळातल्या दख्खनी चित्रकारांना चांदबीबी आवडली. हातावर बहिरी ससाणा घेऊन घोडा दौडवणारी चांदबीबी अठराव्या शतकातल्या अनेक चित्रांत भेटते. तिच्या आईची चित्रे पुसली गेली, मुलीची मात्र पुनःपुन्हा काढली गेली. नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. गावातले लोक आणि सहलीला येणारी शाळेची मुले तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती वास्तविक सलाबतखानाची कबर आहे, मुर्तझाच्या वजिराची.